पाव इंचाची शिवण: क्विल्टचे तुकडे जोडताना माप कुठे हरवतं?

गोधडीवेडी

चौकोन नेमके कापलेले, टीप सरळ, तरीही नऊ चौकोनांचा ब्लॉक ठरल्यापेक्षा लहान भरतो आणि शेजारच्या ब्लॉकशी कोपरे काही केल्या जुळत नाहीत. मशीनवर क्विल्ट शिवायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकीची ही अडचण असते. कापडाची निवड, रंगसंगती यांवर आपण या मंचावर भरभरून बोलतो. मायेबद्दल, म्हणजे टीपेपासून काठापर्यंत सोडायच्या कापडाबद्दल, मात्र ‘पाव इंच घ्या’ एवढं सांगून पुढे जातो. म्हणून हा स्वतंत्र धागा.

माझं म्हणणं आधीच सांगते: शिवण मोजू नका. शिवून, इस्त्री करून झाल्यावर तुकडा किती भरतो ते मोजा.

ब्लाउज किंवा कुर्ता शिवताना मायेत थोडं इकडंतिकडं झालं तर निभावतं. शिवणी मोजक्याच असतात आणि अंगावर घालून बघता येतं. क्विल्टमध्ये एकेका ओळीत दहा-बारा शिवणी येतात आणि प्रत्येक शिवणीची चूक पुढच्या शिवणीत जमा होत जाते. हिशोब करून बघा. एका इंचाचे ८ सूत, म्हणजे पाव इंचाचे २ सूत. समजा तुमची टीप अर्धा सूत आत पडते. माया दोन्ही तुकड्यांतून जाते, म्हणून दर शिवणीमागे अख्खा एक सूत कापड खर्ची पडतं. १२ चौकोनांच्या ओळीत ११ शिवणी, म्हणजे ओळ ११ सूत, अर्थात १ इंच ३ सूत आखूड. खालची ओळ दुप्पट रुंदीच्या ६ तुकड्यांची असेल तर तिच्यात शिवणी ५ आणि तूट ५ सूत. दोन ओळींत पाऊण इंचाचा फरक पडला! एवढा फरक टाचण्या लावून जिरत नाही, चुण्याच पडतात.

दुसरं कारण पटकन दिसत नाही. टीप मारून माया एका बाजूला वळवली की कापड टीपेवर दुमडतं आणि त्या दुमडीत धागा-दोन धागे कापड जातं. कापड जाड, दोरा जाड, तर दुमडही जाड. त्यामुळे उलट्या बाजूने पट्टी लावून माया बरोब्बर पाव इंच दिसली तरी सुलट बाजूने तुकडा किंचित कमी भरतो. सरावलेल्या बायका टीप पाव इंचाच्या धागाभर काठाकडे मारतात ती याचसाठी. ते ‘धागाभर’ म्हणजे नेमकं किती, हे मात्र कुणी कुणाला सांगू शकत नाही. ते तुमच्या मशीनवर, कापडावर, दोऱ्यावर ठरतं.

म्हणून ही चाचणी. ज्या कापडाचा क्विल्ट करायचाय त्याच कापडाच्या दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, लांबी चार-पाच इंच पुरे. त्या लांबीच्या बाजूंनी एकमेकींना जोडा, इस्त्री करा, आणि मधली पट्टी सुलट बाजूने मोजा. ती बरोब्बर १ इंच भरली पाहिजे. मधलीच का? कारण तिच्या दोन्ही बाजूंना शिवण आहे. बाहेरच्या पट्ट्यांचा काठ कापताना थोडा वाकडा गेला असला तरी तिच्या मापावर परिणाम होत नाही. १ इंचापेक्षा कमी भरली तर माया जास्त जातेय, जास्त भरली तर कमी. तिन्ही मिळून साडेतीन इंच होतायत का, हेही बघून घ्या.

चाचणीसाठी आधी मशीनवर खूण हवी. फुटाच्या, म्हणजे सुईशी कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, कडेवर विसंबू नका. बऱ्याच मशीनच्या नेहमीच्या फुटाची उजवी कड सुईपासून पाव इंचावर नसतेच. पारदर्शक अक्रिलिक पट्टी फुटाखाली सरकवा, हाताने चाक फिरवून सुई हलकेच खाली आणा, आणि सुईचं टोक पट्टीच्या उजव्या कडेपासून पाव इंचाच्या रेघेवर टेकेल अशी पट्टी बसवा. पट्टी सरळ आहे ना हे बघून तिच्या कडेला लागून मशीनवर मास्किंग टेप चिकटवा. टेप सुईच्या पुढे, म्हणजे तुमच्या बाजूला, दोन-अडीच इंच तरी यायला हवी. कापडाला वळण लागतं ते सुईजवळ नाही, सुईपर्यंत येण्याआधीच. टेपचे चार-पाच थर एकावर एक लावले की कापडाच्या काठाला टेकायला छोटी भिंतच मिळते. फक्त फुटाखाली कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवर टेप येऊ देऊ नका.

आता तुमचे अनुभव आणि प्रश्न येऊ द्या.

रेवा

ताई, धागा काढलात फार बरं झालं. माझं काम याच टप्प्यावर अडलंय. आईचं काळं मशीन आहे, पायाचं, फक्त सरळ टीप मारणारं. अडीच इंची चौकोन कापून नऊ-नऊचे ब्लॉक केले आणि त्यांच्या मधे साडेसहा इंचाचे साधे चौकोन ठेवायचेत. नऊचे ब्लॉकही साडेसहा भरायला हवे होते, पण सगळे सव्वासहाच भरतायत. सगळे अगदी सारखे, हे विशेष. फुटाच्या कडेला कापड लावूनच शिवलंय.

गोधडीवेडी

रेवा, तुझ्या आकड्यांतच उत्तर आहे. अडीच-अडीचचे तीन चौकोन म्हणजे साडेसात इंच. दोन शिवणींत चार माया जातात. पाव इंचाने १ इंच जायला हवा होता आणि राहायला हवे होते साडेसहा. तुझा सव्वा इंच गेलाय, म्हणजे दर माया अडीच सूत. तुझ्या फुटाची कड सुईपासून अर्धा सूत लांब असणार. सगळे ब्लॉक सारखे आलेत म्हणजे हात स्थिर आहे, खूण तेवढी बदलायची. पट्ट्यांची चाचणी करून बघ, मधली पट्टी ७ सूत भरेल असं वाटतं.

शिंपीकाका

रेवाताई, काळ्या मशीनवर टेप लावायच्या आधी एक बघा. सुईखालच्या पत्र्याच्या उजवीकडे मशीनच्या अंगातच आटे पाडलेलं एक भोक असतं, काहींना दोन असतात. बहुतेक जणांची ती तेल आणि कचऱ्याने बुजलेली असतात, टाचणीने साफ करा. ती गाइड, म्हणजे कापडाचा काठ टेकवायची पट्टी, बसवायची जागा. शिवणयंत्राचे सुटे भाग विकणाऱ्याकडे जाऊन मशीनला लावायची गाइडपट्टी आणि तिचा स्क्रू मागा. स्क्रू पट्टीच्या खाचेतून जातो, त्यामुळे ती सुईच्या जवळ-लांब सरकवता येते. सुईपासून हव्या त्या अंतरावर धरून स्क्रू आवळला की दिवसभर शिवलं तरी हलत नाही. टेप उन्हाळ्यात सरकते, डिंक सुटतो.

मी आयुष्यभर शर्टाचं काम केलं. कॉलर आणि कफ यांना आम्ही पाव इंच माया धरतो आणि तिथे अर्धा सूत चुकला तर कॉलरची दोन टोकं वेगळी दिसतात. त्यामुळे ताईंचं म्हणणं शंभर टक्के पटलं. तुकडा मोजा.

आणखी एक. काळ्या मशीनच्या पत्र्याला सुईसाठी छोटं गोल भोक असतं. तुकड्याचा कोपरा त्यात ओढला जात नाही. झिगझॅगवाल्या मशीनला लांबट भोक असतं, तिथे कोपरा आत जाऊन चुरगळतो आणि पहिले दोन-तीन टाके वाकडे पडतात. त्या मशीनला सरळ टीपेचा वेगळा पत्रा मिळत असेल तर क्विल्टवाल्यांनी जरूर घ्यावा. क्विल्टच्या कामासाठी काळं मशीन कमी दर्जाचं मानू नका.

न्यूजर्सीकर

काकांची माहिती सोन्यासारखी आहे. इथे अमेरिकेत जुन्या सिंगर मशीन खास तुकडे जोडण्यासाठी शोधून घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात, कारण हेच.

थोडी मागची गोष्ट सांगते, कारण तिचा या अडचणीशी थेट संबंध आहे. पूर्वी पुठ्ठ्याचा साचा कापडावर ठेवून पेन्सिलीने शिवणीची रेघ आखत, तिच्याबाहेर अंदाजे माया सोडून कात्रीने कापत आणि रेघेवर शिवत. माया कमी-जास्त झाली तरी बिघडत नसे, कारण टीप रेघेवर पडायची. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याची सुरी, आणला आणि पट्टी धरून थरावर थर कापायची पद्धत रूढ झाली. कापणं भराभर होऊ लागलं, नेमकंही झालं, पण रेघ गेली. आता कापडाचा काठ हीच रेघ, आणि तिच्यापासून टीप किती लांब पडते याची जबाबदारी पेन्सिलीकडून मशीनच्या फुटाकडे आली. पाव इंचावर इतकी चर्चा होते ती त्यामुळे.

पाव इंची खास फूट मिळतो, त्याच्या उजव्या कडेला खाली वळवलेली पात असते. तो घेतला तरी चाचणी चुकवू नका. माझ्याकडच्या फुटाने मधली पट्टी कमीच भरत होती. सुई एक घर उजवीकडे सरकवली तेव्हा जमलं. ज्यांच्या मशीनमध्ये सुई डावी-उजवी होते त्यांनी हे करून बघावं. मात्र सुई सरकवल्यावर ती फुटावर आदळत नाही ना, हे हाताने चाक फिरवून आधी बघा.

मैत्रेयी

थोडा वेगळा सूर लावते. इतकं काटेकोर व्हायलाच हवं का? माझ्या मते माया पाव इंच आहे की सव्वादोन सूत, याला महत्त्व नाही. सगळीकडे सारखी असली की झालं. रेवाचे सगळे ब्लॉक सव्वासहा आहेत तर साधे चौकोनही सव्वासहाचे कापावेत. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड गावच्या बायकांचे क्विल्ट २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागले होते. त्यांत कुठलीही ओळ पट्टीने मारल्यासारखी सरळ नाही, जुन्या कपड्यांच्या पट्ट्या जशा मिळाल्या तशा जोडल्यात, आणि ते बघताना नजर हटत नाही. नव्या मुली मापाच्या धास्तीने शिवायचंच सोडतील अशी भीती वाटते.

गोधडीवेडी

मैत्रेयी, तुझं निम्मं म्हणणं मला मनापासून मान्य आहे. सगळे ब्लॉक एकाच जातीचे असतील, प्रत्येकात तेवढ्याच शिवणी असतील, तर सारखेपणा पुरतो. रेवाने साधे चौकोन सव्वासहाचे कापले तर हा क्विल्ट उत्तम होईल, मीही तिला तेच सुचवणार होते.

पण वेगवेगळ्या शिवणींचे ब्लॉक एकत्र आले की नुसता सारखेपणा पुरत नाही. एका ब्लॉकच्या ओळीत दोन शिवणी, शेजारच्यात पाच, तर सारखीच चूक दोघांना वेगवेगळी आखूड करते. तारेचे ब्लॉक, त्रिकोणांचे ब्लॉक, लॉग केबिन, यांत हे लगेच उघडं पडतं. लॉग केबिनमध्ये मधल्या चौकोनाभोवती एकेक पट्टी जोडत बाहेर जायचं असतं, त्यामुळे आतली चूक प्रत्येक फेऱ्यात वाढते. त्यात मी दर फेऱ्यानंतर ब्लॉक मोजते आणि जास्त भरला असेल तर तिथल्या तिथे छाटते.

गीज बेंडचं उदाहरण मोलाचं आहे, पण त्या बायका ठरलेल्या मापाचा नमुना शिवत नाहीत. कापड आणि नजर यांच्या जोरावर डिझाइन हातातल्या हातात घडवतात. ती वेगळी आणि मोठी कला आहे. जिला आठ टोकांची तारा शिवायची आहे आणि आठही टोकं शाबूत हवी आहेत, तिला पाव इंच सांभाळावाच लागतो. धास्ती घेऊ नये हे खरंच. एकदा खूण बसली की मग मापाचा विचारही मनात येत नाही, हात चालत राहतो.

कृष्णाकाठ

मी वाईची. आमच्याकडे वाकळ शिवतात ती जुन्या लुगड्यांच्या घड्यांवर ठिगळं मांडून, धावदोऱ्याने. तिथे माया म्हणजे ठिगळाचा काठ आत दुमडून घेणं, एवढंच. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी, म्हणजे गोधडीही, अशीच. एका कोपऱ्यापासून कडेकडेने ठिगळं लावत, काठ दुमडत, सगळ्या थरांतून टाके घालत मध्याकडे जायचं आणि चारी कोपऱ्यांना कापडाचं फूल लावायचं. तुकडा तुकड्याला आधी जोडायचाच नाही, तर पाव इंचाचा प्रश्नच येत नाही.

पण चौकोनांची जोडगोधडी मी हाताने करते आणि तिथे आखते. उलट्या बाजूला पेन्सिलीने शिवणीची रेघ, चारही बाजूंना. दोन तुकडे सुलटाला सुलट ठेवून रेघांच्या कोपऱ्यात टाचणी आरपार घालायची, मागच्या तुकड्याच्या रेघेच्या कोपऱ्यातूनच ती बाहेर पडली पाहिजे. टाके रेघेच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच, मायेत जायचं नाही. मग माया हव्या त्या बाजूला वळवता येते. ज्यांना मशीनवर जमत नाही त्यांनी एक ब्लॉक असा हाताने करून बघावा, शिवण कुठे पडायला हवी हे डोळ्यांत बसतं.

स्टुटगार्टकर

माझी अडचण सेंटिमीटरची. इथे जर्मनीत बरेच नमुने ०.७५ सेंटिमीटर मायेचे असतात आणि माझ्या मशीनवरची खूणही ७.५ मिलिमीटरची. अमेरिकन नमुना मात्र पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. फरक तसा मिलिमीटरभराचाच. चालेल का?

गोधडीवेडी

नाही चालणार. फरक १.१५ मिलिमीटर, दोन्ही बाजूंचा मिळून दर शिवणीला २.३ मिलिमीटर. दहा शिवणींच्या ओळीत २३ मिलिमीटर गेले. नमुना ज्या मापाचा, कापणं आणि शिवणं दोन्ही त्याच मापात. सेंटिमीटरचा नमुना असेल तर तयार मापात दीड सेंटिमीटर मिळवून कापा आणि ०.७५ वर शिवा. इंचाचा असेल तर अर्धा इंच मिळवून कापा आणि पाव इंचावर शिवा. इंचाचं माप सेंटिमीटरमध्ये बदलून जवळच्या आकड्यावर आणायचं, हे तर मुळीच नको.

पट्टीचंही तसंच आहे. एका क्विल्टला शेवटपर्यंत एकच पट्टी वापरा. दोन कंपन्यांच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर रेघा कधीकधी जुळत नाहीत, आणि रेघेलाही जाडी असते. कापडाचा काठ रेघेच्या खाली घ्यायचा की रेघेच्या बाहेर, हे एकदा ठरवलं की ठरवलं. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणते, या कामाला ती नको.

रेवा

चाचणी केली! ताई, मधली पट्टी बरोब्बर ७ सूत भरली. काकांनी सांगितलं तसं भोक शोधलं, एकच आहे, पण आटे शाबूत आहेत. गाइडपट्टी सुट्या भागांच्या दुकानात लगेच मिळाली. ती लावून पुन्हा तीन पट्ट्या जोडल्या आणि केंब्रिकच्या कापडावर मधली पट्टी १ इंच आली. पण त्याच खुणेवर खादीच्या पट्ट्या जोडल्या तर पुन्हा किंचित कमी, साधारण अर्धा सूत. खूण तर हललेली नाही. कापडच बदललंय.

गोधडीवेडी

खादी जाड, म्हणून दुमडीत जास्त जातं. पण अर्धा सूत म्हणजे जरा जास्तच. आधी इस्त्री बघ. मधल्या पट्टीच्या दोन्ही शिवणींशी नख फिरव. टीपेच्या कडेला बारीक घडी लागते का? बहुतेक लागेल. माया वळवून वरून इस्त्री फिरवली की सुलट बाजूला टीपेवर कापडाची एक पुसट घडी राहून जाते. शिवण बरोबर असते, माप त्या घडीत अडकलेलं असतं. खूण हलवली तर तू बरोबर शिवण बिघडवून बसशील.

माझी पद्धत सांगते. टीप मारून झाली की तुकडे न उघडता, जसे शिवले तसेच, टीपेवर इस्त्री ठेवायची. टाके कापडात बसतात. मग गडद रंगाचा तुकडा वर येईल असं ठेवून तो उघडायचा आणि सुलट बाजूने, इस्त्रीच्या कडेने टीपेशी कापड हलकेच ढकलत जायचं. शिवण पूर्ण उघडली की इस्त्री उचलायची आणि पुढे ठेवायची. घासायची नाही. घासली की कापड ताणतं, तिरप्या काठाला तर लगेच लाट येते. वाफेचाही मोह नको, निदान ब्लॉक पुरा होईपर्यंत.

खादी आणि हातमागाला कापण्याआधीच खळ द्या. कापड धुऊन, आटवून, पातळ खळीतून काढून, दमट असताना इस्त्री करून मग कापायचं. कागदासारखं ताठ होतं, काठ विरत नाही, आणि दात्यांवर सरकत नाही. खणाच्या कापडाला तर याशिवाय मी हात लावत नाही, त्याचे धागे मायेतूनच सुटायला लागतात.

इतकं करूनही खादी कमी भरली तर मग गाइड केसभर आत, सुईकडे घे, आणि त्या क्विल्टपुरती तीच खूण ठेव.

शिंपीकाका

दोऱ्याचंही सांगतो. शर्टाला वापरतो तो जाडसर पॉलिस्टर दोरा तुकडे जोडायला नको. बारीक सुती दोरा घ्या, सुई ११ नंबरची, खादीला १४. टाका इंचाला दहा-बारा. मोठा टाका घातला तर शिवण उघडताना टाके दिसतात आणि शिवण सैल पडते.

आणि शेवटचा अर्धा इंच! तिथेच सगळ्यांची शिवण आत नाहीतर बाहेर जाते, कारण बोटं कापडावरून आधीच सुटलेली असतात आणि दाते तुकडा वळवून नेतात. बांबूची बारीक काडी किंवा बोथट टोचा हातात ठेवा आणि काठ अगदी सुईपर्यंत गाइडला टेकवून न्या. फूट उचलायच्या आधी पुढचा तुकडा जवळ धरा, दोरा न तोडता एकामागे एक शिवत चला. सुरुवातीला आणि शेवटी चिंधीचा तुकडा घातला तर पहिले टाके चिंधीवर पडतात, कामाच्या तुकड्यावर नाही.

अबोली

त्रिकोणांचं काय करायचं? दोन त्रिकोणांचा चौकोन करताना माझा तिरपा काठ नेहमी ताणतो. चाचणीत मधली पट्टी बरोबर येते, पण हे चौकोन कधी साडेतीन भरतात तर कधी तीन इंच तीन सूत.

गोधडीवेडी

अबोली, तिरपा काठ शिवायच्या आधी उघडाच पडू द्यायचा नाही. दोन रंगांचे दोन चौकोन सुलटाला सुलट ठेव, वरच्यावर कर्ण आख, कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर टीप मार आणि मग कर्णावर काप. दोन चौकोन तयार मिळतात आणि उरेब काठ एकदाही हातात येत नाही.

तयार ३ इंच हवा असेल तर पुस्तकी मापाने चौकोन ३ इंच ७ सूत कापायचा. मी सरळ ४ इंच कापते आणि इस्त्रीनंतर साडेतीनला छाटते. छाटताना पट्टीवरची ४५ अंशाची रेघ तिरप्या शिवणीवर ठेवायची, म्हणजे शिवण दोन्ही कोपऱ्यांतून बरोबर जाते. कापड थोडं वाया जातं, पण तारेची टोकं वाचतात.

हे चौकोन पुढे जोडताना शिवणीची बाजू वर ठेव. दोन तिरप्या शिवणी जिथे एकमेकींना छेदतात तिथे फुली दिसते. टीप फुलीच्या नेमक्या मध्यातून किंवा धागाभर काठाकडून गेली पाहिजे. फुलीच्या आतून गेली की तारेचं टोक कापलं गेलंच समज. इथे मी गाइडपेक्षा फुलीचं ऐकते. गाइड आणि फुली यांत धागाभराचा फरक असेल तर फुलीकडे जाते.

मैत्रेयी

गाइडपेक्षा फुलीचं ऐकायचं, हे आवडलं. म्हणजे शेवटी नजरही लागतेच.

रेवा

ताई, घडीच होती. पट्टी पुन्हा नीट उघडून इस्त्री केली तर खादीची मधली पट्टी १ इंचाला जेमतेम एक धागा कमी भरली. गाइड केसभर आत घेतली, आता बरोबर आहे.

आधीच्या सव्वासहाच्या ब्लॉकसाठी साधे चौकोन सव्वासहाचे कापते. पण बॉर्डर? नमुन्यातल्या मापाने कापली तर लांब होईल ना?

गोधडीवेडी

होईल. बॉर्डर नमुन्यातल्या मापाने कधीच कापू नकोस, माप बरोबर आलं असलं तरी. ब्लॉक जोडून झाले की वरचा भाग सपाट जमिनीवर पसर आणि मध्यातून मोज, कडेवरून नाही. कडा हाताळून हाताळून ताणलेल्या असतात. कडेच्या मापाने बॉर्डर लावली तर ती लाटा मारते. वरपासून खालपर्यंत, मध्यावर आणि मध्याच्या थोडं डावी-उजवीकडे अशी तीन मापं घे, सरासरी काढ, दोन्ही बाजूंच्या बॉर्डर तेवढ्याच लांब काप. बॉर्डर आणि क्विल्ट दोन्हींचे मध्य आणि पाव भाग टाचणीने जुळव, आणि जी बाजू किंचित जास्त असेल ती खाली, दात्यांकडे ठेवून शिव. दाते जास्तीचं कापड ओढून घेतात. ती वर ठेवलीस तर फूट तेच कापड पुढे ढकलतो आणि शेवटी चुणी पडते.

आधी डाव्या-उजव्या बॉर्डर लाव, इस्त्री कर, मग पुन्हा मध्यातून मोजून वरची आणि खालची.